सोडून जाणारा युजर : स्पर्धा आयोगाच्या काही आदेशांचं वाचन

कायद्याचे आदेश कुणी हौसेने वाचत नाही. भाषा इंग्रजी, तीही वकिली. परिच्छेदांना नंबर, आणि एकेक वाक्य धाटाव एमआयडीसीच्या कुंपणासारखं संपता संपत नाही. पण मक्तेदारीविरोधी कायद्याच्या प्रत्येक आदेशात एक पात्र असतं. पूर्वी त्याला 'ग्राहक' म्हणायचे, आता 'युजर' म्हणतात. हा युजर कसा वागेल, किती सहन करेल, वैतागला तर उठून कुठे जाईल, हे आदेश लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. त्यासाठी हाताशी आकडे असतात, बाजाराचे अहवाल असतात, तरी शेवटी एक माणूस कल्पावाच लागतो. तो माणूस कसा कल्पला आहे, त्यावर निकाल अवलंबून असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर रोह्याला, नोकरी पुण्यातल्या कंपनीत, बरंचसं काम घरूनच करते. व्हॉट्सॲपविषयीचे भारतीय स्पर्धा आयोगाचे आदेश मी ओळीने वाचले ते याच पात्राच्या शोधात. वाचून एक गोष्ट पटली. आयोगाला हा माणूस कळायला सात वर्षं लागली. कळला तेव्हा त्याचं दुखणं आयोगाने नेमकं लिहिलं. औषध मात्र दुसऱ्याच कुणाचं दिलं.

सुरुवात २०१७ पासून करू. त्याआधीची गोष्ट थोडक्यात अशी. फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप विकत घेतलं. हा व्यवहार आपल्या आयोगापुढे आलाच नाही, कारण तेव्हा कंपनीची भारतातली मालमत्ता आणि उलाढाल एवढंच मोजलं जायचं, आणि व्हॉट्सॲपची इथली उलाढाल नगण्य होती. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने धोरण बदललं आणि युजरची काही माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं. जुन्या युजरना नकार द्यायला ३० दिवस होते. यावर आयोगाकडे तक्रार गेली. आयोगाने १ जून २०१७ ला ती निकाली काढली: व्हॉट्सॲपचं बाजारात वर्चस्व आहे, पण त्याचा गैरवापर झालेला नाही.

त्या आदेशातला युजर वाचण्यासारखा आहे. मेसेजिंगची ॲप बहुतेक फुकट असतात, सहज डाउनलोड होतात, एका फोनवर अनेक ॲप सुखाने नांदतात, फार जागाही खात नाहीत, सगळ्यांचे स्क्रीन साधेसोपे असतात. म्हणून एक सोडून दुसऱ्यावर जायला युजरला काहीच वेळ लागत नाही, असा एकूण सूर. (जागा खात नाहीत हे वाचून मला हसू आलं. २०१७ साली आमच्या घरात १६ जीबीचे फोन होते आणि दर रविवारी 'गुड मॉर्निंग'चे फोटो डिलीट करायचा कार्यक्रम असे.) हा युजर एकटा आहे. त्याच्या हातात फोन आहे, फोनमध्ये ॲपचं दुकान आहे, आणि मनात आलं की तो उठून जाऊ शकतो. त्याला आई नाही, सोसायटी नाही, शिफ्ट नाही.

रोह्यात असा माणूस मला कधी भेटलेला नाही. इथे व्हॉट्सॲपवर कुणी एकटा नसतो. धाटावच्या कारखान्यांत कुणाची कुठली पाळी ते ग्रुपवर येतं. दिवा-रोहा मेमू किती लेट आहे ते प्रवाशांच्या ग्रुपवर कळतं. जुलैत कुंडलिकेला पाणी चढलं की पुलावर गाड्या सोडताहेत की नाही, याचे फोटो आधी तिथेच येतात. शाळेचा गृहपाठ, धावीर महाराजांच्या पालखीची वेळ, गॅसचा नंबर लागला की नाही, सगळं तिथेच. आमच्या इमारतीच्या ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत. मी दुसरं ॲप दोन मिनिटांत डाउनलोड करीन, त्यात आयोगाचं काही चुकलेलं नाही. पण तिथे बोलायचं कुणाशी? त्यासाठी त्रेचाळीस जणांनी एकाच दिवशी उठावं लागेल, आणि त्यातला प्रत्येक जण आणखी वीस ग्रुपमध्ये असणार. आमच्या क्षेत्रात याला 'नेटवर्क इफेक्ट' म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलालाही तो ठाऊक असतो. २०१७ च्या आदेशातही नेटवर्क इफेक्टचा विचार आहे, पण पात्राच्या वागण्यात तो कुठे उतरलेला नाही.

या आदेशाच्या बरोबर दोन आठवडे आधी, १८ मे २०१७ ला, युरोपीय आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरोचा दंड केला होता. व्हॉट्सॲप विकत घेताना दोन्हीकडची खाती आपोआप जोडता येणार नाहीत असं फेसबुकने सांगितलं होतं, आणि ती माहिती दिशाभूल करणारी निघाली म्हणून. तिथला नियामक कंपनीने काय सांगितलं होतं ते तपासत होता. इथला नियामक युजरला सांगत होता की दार उघडंच आहे.

मग आला जानेवारी २०२१. सकाळी ॲप उघडलं की पडद्यावर नोटीस: नवं धोरण मान्य करा. आधी मुदत ८ फेब्रुवारी होती, ओरड झाल्यावर ती १५ मेपर्यंत वाढवली. २०१६ सारखी नकाराची सोय यात नव्हती. इथे एक गैरसमज दूर करते, कारण तेव्हाही तो फॉरवर्ड होऊन सगळीकडे फिरला होता. भांडण तुमचे मेसेज कुणी वाचण्यावरून नव्हतं. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, मधल्या सर्व्हरला ते वाचता येत नाहीत. प्रश्न मेसेजच्या भोवतीच्या माहितीचा होता. तुमचा नंबर, फोन कुठला, नेटवर्क कुठलं, कधी आणि किती वेळ ऑनलाइन असता, कुठल्या धंद्याच्या खात्याशी बोलता, पैसे पाठवता का, अशी ही माहिती. पाकीट न फोडताही पोस्टमनला गावाची बरीच खबर असते, तसंच हे.

त्या महिन्यात सिग्नल आणि टेलिग्रामची डाउनलोड धडाधड वाढली. आमच्या नातेवाइकांचा ग्रुपही सिग्नलवर गेला. म्हणजे आम्ही पाच-सहा तरुण मंडळी गेलो. काका, आत्या, मामी आल्या नाहीत. त्यांच्याशी बोलायला आम्हाला जुनं ॲप उघडावंच लागे, आणि उघडलंच आहे तर तिथेच बोलू, असं होत होत तीन आठवड्यांत सिग्नलचा ग्रुप शांत झाला. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती.

२४ मार्च २०२१ ला आयोगाने स्वतःहून चौकशीचा आदेश दिला, आणि त्यात अगदी हेच निरीक्षण आहे: दुसऱ्या ॲपची डाउनलोड वाढली तरी व्हॉट्सॲपच्या युजरच्या संख्येत फारसा फरक पडलेला दिसत नाही. चार वर्षांपूर्वीचा उठून जाणारा माणूस इथे पहिल्यांदा आपल्या जागी बसलेला दिसतो. कंपन्यांनी या चौकशीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही, आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला अंतिम आदेश आला.

या आदेशाचा गाभा मला मनापासून आवडला. आयोग विचारतो तो प्रश्न साधा आहे. 'मान्य करा किंवा ॲप सोडा' असं सांगितल्यावर युजरने 'मान्य' दाबलं, तर ती संमती मानायची का? आयोगाचं उत्तर, नाही. सोडून जायला जागाच नसेल तर होकाराला किंमत नाही. अशी अट घालणं म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर करून अन्याय्य शर्त लादणं. हा गोपनीयतेचा मुद्दा आहे, स्पर्धा कायद्याचा त्याच्याशी काय संबंध, असं कंपनीच्या बाजूने सांगितलं जात होतं. आयोगाने ते मानलं नाही. सेवा फुकट असेल तर तिची किंमत रुपयांत मोजता येत नाही, ती माहितीत मोजावी लागते, आणि नकाराची सोय काढून घेणं म्हणजे सेवेचा दर्जा घसरणं, असा तो युक्तिवाद आहे. किराणा दुकानातल्या भाववाढीच्या भाषेत विचार करणाऱ्या कायद्यासाठी ही मोठी उडी आहे.

हा भाग आवडण्याचं एक कारण माझ्या कामातही आहे. संमतीचे पॉपअप मी स्वतः बांधलेले आहेत. 'मान्य' बटण ठळक आणि भरलेलं, दुसरं करड्या अक्षरांत. दोन्हींच्या दोन-तीन आवृत्त्या करून वेगवेगळ्या युजरना दाखवायच्या आणि जिच्यावर जास्त होकार येतात ती ठेवायची, हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं काम. होकाराचं प्रमाण ही डॅशबोर्डवर चढती ठेवायची एक रेघ असते. ती रेघ ज्याने जवळून पाहिली आहे त्याला आयोगाचं म्हणणं समजवायला लागत नाही.

आता औषध. आयोगाने मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. बाकीच्या कारणांसाठी माहिती द्यायची तर कुठली माहिती कशासाठी जाते ते स्पष्ट लिहा, ती देणं ही ॲप वापरण्याची अट ठेवू नका, नकाराची सोय द्या आणि सेटिंग्जमध्ये ती कधीही बदलता येईल असं करा.

दंडाचा हिशोब लावून पाहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी युजर असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे डोक्यामागे चार रुपये. रोहा स्टेशनबाहेर त्यात कटिंगही येत नाही. पण दंड लहान की मोठा यावर मी फार अडून बसणार नाही. माझा आक्षेप बाकीच्या औषधावर आहे. निदान काय होतं? सगळी माणसं एकाच ठिकाणी आहेत म्हणून युजरला जाता येत नाही. उपाय काय? जाता येत नाही तर निदान बसल्या जागी दोन बटणं नीट द्या. उठता यावं यासाठी आदेशात काहीच नाही. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी नवी अट आली, तरी युजर तिथेच बसलेला असणार. प्रत्येक वेळी आयोगाने धावत यायचं आणि तीन-चार वर्षांनी आदेश द्यायचा.

आणि आदेशातला युजर अजूनही फक्त गप्पा मारणारा आहे. बाजाराची व्याख्याच 'स्मार्टफोनवरची मेसेजिंग ॲप' अशी आहे. पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या कारखान्यांत जाऊन पाहा. मूर्तींचे फोटो व्हॉट्सॲपवर, भाव व्हॉट्सॲपवर, बुकिंगची पावती व्हॉट्सॲपवर, टेम्पो कुठवर आला ते लोकेशनही तिथेच. पाच-सहा वर्षांची सगळी गिऱ्हाइकं त्या एका नंबरच्या चॅटमध्ये असतात. कारखानदाराचं ते दुकानही आहे आणि वहीही. तो 'माझी माहिती जाहिरातींना देऊ नका' असं बटण दाबेल, किंवा दाबणारही नाही. त्याचा अडकलेपणा त्या बटणाने सुटणारा नाही. आदेशात दोन बाजार आहेत, मेसेजिंगचा आणि ऑनलाइन जाहिरातींचा. हा माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत राहिला.

मग काय करायला हवं होतं? याचं उत्तर आपल्याकडेच पडलेलं आहे, आणि ते बरंच जुनं आहे. माझं सिम एका कंपनीचं, आईचं बीएसएनएलचं, तरी फोन लागतो. इतकं साहजिक वाटतं की त्यामागे नियम आहे हे लक्षात येत नाही. दूरसंचार कंपन्यांना एकमेकांची जाळी जोडावी लागतात, याला इंटरकनेक्शन म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा जिओचे कॉल जुन्या कंपन्यांच्या नंबरांवर लागत नसत. जोडणीची पुरेशी ठिकाणं दिली जात नाहीत, अशी जिओची तक्रार होती. ट्रायने ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. कॉल समोरच्याला लागलाच नसता तर फुकट डेटा घेऊनही लोकांनी ते सिम ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. शिवाय २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. म्हणजे सोडून जाणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, हे आपल्या सरकारला पक्कं ठाऊक होतं: आपला नंबर सोबत नेता आला पाहिजे, आणि मागे राहिलेल्यांशी बोलता आलं पाहिजे. मेसेजिंग ॲपच्या बाबतीत यातली दुसरी गोष्ट कुणी मागितलीच नाही.

जिओचा विषय निघालाच आहे तर आमच्या तालुक्याची एक गोष्ट सांगते. नागोठणे रोहा तालुक्यात येतं. तिथला पेट्रोकेमिकल कारखाना आयपीसीएल या सरकारी कंपनीचा होता. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलचे २६ टक्के शेअर रिलायन्सला १,४९१ कोटींना विकले आणि २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. आपल्याच क्षेत्रातली मोठी सरकारी कंपनी ताब्यात गेल्यावर बाजारात दुसरं उरतं कोण, हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता, पण तो कायद्याने विचारण्याची व्यवस्था नव्हती. १९६९ च्या एमआरटीपी कायद्यातल्या विलीनीकरणाच्या तरतुदी १९९१ मध्ये काढून टाकल्या होत्या, आणि स्पर्धा कायद्यातल्या तशा तरतुदी १ जून २०११ ला लागू झाल्या. मधली वीस वर्षं या बाबतीत दार सताड उघडं होतं.

२०२० मध्ये दारावर पहारेकरी होता. त्या वर्षी फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिश्शासाठी ४३,५७४ कोटी रुपये घातले, गूगलने ७.७३ टक्क्यांसाठी ३३,७३७ कोटी. देशातलं सगळ्यात मोठं मोबाइल जाळं, सगळ्यात मोठं मेसेजिंग ॲप आणि बहुतेक सगळ्या फोनची ऑपरेटिंग सिस्टिम, तिघांचे पैसे एका घरात आले. आयोगाने दोन्ही व्यवहार मंजूर केले. २०२४ चा दंड फेसबुकच्या त्या एका गुंतवणुकीच्या अर्धा टक्काही भरत नाही. एकाच संस्थेचे हे दोन मजकूर शेजारी ठेवले की २०२४ चा कडक सूर थोडा उशिरा लावल्यासारखा वाटतो.

युरोपने मेसेजिंगमधलं इंटरकनेक्शन मागून पाहिलं आहे. त्यांच्या डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सोय सुरू झाली तेव्हा जोडली गेलेली ॲप होती बर्डीचॅट आणि हायकेट. तुम्ही ऐकली नसतील, मीही नव्हती. एन्क्रिप्शन न मोडता दोन वेगळी ॲप जोडणं खरंच अवघड आहे, आणि युजरने ती सोय स्वतः चालू करायची आहे. म्हणजे नियम केला की गर्दी हलते असं नाही. तरीही फरक आहे. तिथे उद्या कुणी चांगलं ॲप बांधलं तर त्याला पहिल्या दिवसापासून मागच्या गर्दीशी बोलायचा कायदेशीर हक्क आहे. पुण्यात कुणी तसं बांधलं तर त्याच्याकडे फक्त आपल्या मित्रांचे नंबर असतील.

अमेरिकेत गोष्ट उलटी फिरली. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची खरेदी स्पर्धा मारण्यासाठी होती, असा दावा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२० मध्ये केला होता. १८ नोव्हेंबर २०२५ ला, आपल्या आदेशाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, न्यायाधीश बोसबर्ग यांनी तो फेटाळला. टिकटॉक आणि यूट्यूबही याच बाजारात धरायला हवेत, म्हणून मेटाची मक्तेदारी सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आदेशातला युजर कंटाळला की दुसऱ्या ॲपवर रील बघायला जातो. रील बघण्याबद्दल हे खरंही आहे. पाळीचा निरोप बघायला मात्र कुणी यूट्यूबवर जात नाही.

आपल्याकडे ४ नोव्हेंबर २०२५ ला अपील न्यायाधिकरणाने, ज्याला सगळे एनक्लॅट म्हणतात, २०२४ च्या आदेशाची काटछाट केली. दंड कायम ठेवला, अन्याय्य शर्त लादल्याचा निष्कर्षही कायम ठेवला. मेसेजिंगमधलं वर्चस्व जाहिरातींच्या बाजारात वापरल्याचा निष्कर्ष आणि पाच वर्षांची बंदी रद्द केली. युजरला निवडीची सोय परत मिळाल्यावर सरसकट बंदीची गरज राहत नाही, असं त्यामागचं कारण. आयोगाच्या औषधाच्या चौकटीत पाहिलं तर हे तर्कशुद्धच आहे. दोन बटणं हाच उपाय असेल तर बंदी जादाची ठरते. औषध निदानाशी जोडलेलं नव्हतं, म्हणून ते इतक्या सहज छाटता आलं.

पुढचा मजकूर म्हणजे मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा. गैरवापर होईपर्यंत थांबायचं नाही, मोठ्या कंपन्यांना आधीच नियम लावायचे, ही त्याची कल्पना, आणि मेसेजिंगसारख्या सेवा त्याच्या यादीत आहेत. युजर मोजायचा आकडाही आहे: किमान एक कोटी साधे युजर किंवा दहा हजार धंदेवाईक युजर. धंद्यासाठी ॲप वापरणाऱ्याला इथे स्वतःचं नाव मिळालं, म्हणजे हमरापूरचा कारखानदार कागदावर तरी आला. आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्कही मसुद्यात आहे. त्या हक्काने कारखानदाराला पाच वर्षांच्या चॅटची फाईल मिळेल. ती उघडून दुसऱ्या ॲपवरून जुन्या गिऱ्हाइकाला 'यंदाचे फोटो पाठवू का?' विचारायचं, आणि गिऱ्हाइकाने ते आपल्या व्हॉट्सॲपवर वाचायचं, याची सोय करणारं कलम मी त्यात शोधलं. मला सापडलं नाही.